काकू, लेफ्ट!

पत्र:

मी पुण्यात कोथरूडला राहते, वय ४७. नोकरी शिवाजीनगरला. मुलगी शिकायला बाहेर गेली आणि तिची गिअरची सायकल जिन्याखाली पडून राहिली. ती दुरुस्त करून घेतली आणि दिवाळीनंतर स्कूटर सोडून सायकलनेच कामाला जायला लागले. जाताना कर्वे रस्ता, पुढे फर्ग्युसन रस्ता. येताना जंगली महाराज रस्ता. बस आणि मोटारींचा त्रास होणार हे धरूनच चालले होते. मन दुखावलं ते सायकलवाल्यांनी.

नळ स्टॉपच्या अलीकडे मागून एकजण 'लेफ्ट, लेफ्ट!' असं ओरडत आला. मी गोंधळून उजवीकडे सरकले. तो अगदी घासून गेला आणि जाता जाता म्हणाला, 'काकू, बागेत चालवा ना!' सिग्नलला मी नेहमीसारखी वाट काढत सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले, तर तो शेजारीच. पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. दुसरा प्रसंग संध्याकाळचा. एक तरुण कितीतरी वेळ माझ्या मागच्या चाकाला चिकटून येत होता, पुढेही जाईना आणि बोलेना. हेल्मेटवाल्या सायकलस्वारांना मी हौसेने हात करते, तर बहुतेक जण बघतही नाहीत.

चांगला अनुभव एकच. फर्ग्युसन रस्त्यावर चेन पडून अडकली. काळ्या सायकलवरचे, कॅरिअरला डबा बांधलेले एक वयस्कर गृहस्थ आपणहून थांबले आणि त्यांनी ती बसवून दिली. मी ५० रुपये पुढे केले, तर त्यांचा चेहराच उतरला. 'राहू द्या' म्हणाले आणि गेले. माझं काय चुकलं?

नवरा म्हणतो, स्कूटर काढ. मुलगी म्हणते, पाठीवर पाटी लाव, 'काकू आहे, घाईत नाही'. सोसायटीतला एक ग्रुप रविवारच्या राइडला बोलावतोय. एकाच वाहनावरची माणसं एकमेकांशी अशी का वागतात? आणि मी काय करू?

– उजवीकडे सरकलेली, कोथरूड

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

'काकू'बद्दल मला काही करता येणार नाही. पंचविशीतल्या पोराला पस्तिशीपुढची प्रत्येक बाई काकूच दिसते. त्याचं बाकीचं बोलणं मात्र तपासून बघू, कारण त्यात उद्धटपणाइतकंच अज्ञानही आहे.

आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, म्हणून पुढच्याला ओलांडायचं ते उजवीकडून. ओलांडणाऱ्याला काही सांगायचंच असेल, तर 'उजवीकडून येतोय' एवढं पुरे. अमेरिकेत वाहनं उजवीकडून चालतात आणि ओलांडणारा डावीकडून जातो, म्हणून तिथले सायकलस्वार 'ऑन युअर लेफ्ट', म्हणजे 'तुमच्या डावीकडून', असं ओरडतात. ती आरोळी आपल्याकडच्या मंडळींनी बहुधा व्हिडिओंतून उचलली आणि तिचा निम्माच भाग आणला. आता 'लेफ्ट' ऐकणाऱ्याने काय समजायचं? मी डावीकडून येतोय, की तुम्ही डावीकडे व्हा? तुम्ही गोंधळलात यात नवल नाही. पण यापुढे मागून कुणी काहीही ओरडलं, तरी काहीही करायचं नाही. ज्या रेषेत चालला आहात, त्याच रेषेत, त्याच वेगाने चालत राहायचं. मागच्याला तुम्ही दिसत असता, तुम्हाला तो दिसत नसतो. त्यामुळे वाट शोधायचं काम त्याचं. पुढचा मंद आहे याने अपघात होत नाही, पुढचा अचानक सरकला तर होतो.

थोडं गणित करून बघू. तुमच्यासारख्या कामाला जाणाऱ्या सायकलचा वेग साधारण ताशी १२ ते १५ किलोमीटर. रोड बाइक, म्हणजे बारीक टायरची वेगवान सायकल, मोकळ्या रस्त्यावर सहज २५ ते ३०. फरक ताशी १५ धरला, तरी तो सेकंदाला ४ मीटरहून थोडा जास्त होतो. म्हणजे २० मीटर मागे असलेला माणूस ५ सेकंदांच्या आत तुमच्या खांद्याशी येतो. त्याने घंटी वाजवायची ती त्या २० मीटरांवरून, एकदाच. कानाशी येऊन ओरडणं म्हणजे तुम्हाला दचकवून स्वतःच्याच पुढ्यात ढकलणं. महागड्या सायकलींवर पुष्कळदा घंटीच नसते. वजन वाढतं म्हणतात. सायकल हलकी व्हावी म्हणून घंटी काढणाऱ्यांना रविवारी भजी खाताना वजनाची आठवण होत नाही, हा भाग वेगळा.

डावीकडे चालायचं म्हणजे गटाराच्या कडेला चिकटून चालायचं असं मात्र नाही. कर्वे रस्त्याच्या कडेला काय काय असतं ते तुम्ही रोज बघता: उभ्या मोटारी, प्रवासी घेणाऱ्या रिक्षा, चेंबरची खाली-वर झालेली झाकणं, बांधकामाची सांडलेली वाळू. मोटारीचं दार एकदम उघडलं तर जवळजवळ मीटरभर बाहेर येतं. म्हणून उभ्या मोटारींपासून मीटरभर सोडून चाला, आणि दोन मोटारींच्या मध्ये मोकळी जागा दिसली तरी तिच्यात शिरून पुन्हा बाहेर येऊ नका. तुम्ही असं सरळ चाललात, की मागच्या घाईवाल्याला क्षणभर थांबावं लागेल. थांबू द्या.

आता तुमच्याच एका वाक्याकडे येते. सिग्नलला तुम्ही 'नेहमीसारखी वाट काढत सगळ्यांच्या पुढे' जाऊन उभ्या राहिलात. मोटारींच्या पुढे उभं राहण्याला माझी हरकत नाही. बसच्या डाव्या अंगाला अडकून पडण्यापेक्षा ड्रायव्हरला समोर दिसेल असं उभं राहणं केव्हाही बरं. पण आधी येऊन थांबलेल्या सायकलींच्याही पुढे जायचं कारण नाही. नळ स्टॉपच्या आधीच्या पौड फाट्याला त्याने तुम्हाला ओलांडलं असेल. लाल दिव्याला तुम्ही त्याच्या पुढे जाऊन उभ्या राहिलात. हिरवा झाल्यावर तुम्ही सावकाश निघणार आणि तो पुन्हा मोटारींच्या धारेत शिरून तुम्हाला ओलांडणार. प्रत्येक सिग्नलला हाच खेळ झाला, की नळ स्टॉप येईपर्यंत त्याचं डोकं तापणार. त्याचं बोलणं याने माफ होत नाही. पण तुमच्या या सवयीचा त्रास ज्यांना होतो, त्यांतले बहुतेक काही न बोलता तुम्हाला ओलांडून जात असतील, एवढं लक्षात असू द्या. वेगवान सायकलींच्या मागे उभ्या राहा. आणि तुमच्या सायकलला गिअर आहेत, ते थांबायच्या आधीच हलके करून ठेवा. उभ्या सायकलवर गिअर बदलत नाही. मग जड गिअरवर उभं राहून पायडल मारताना सायकल डुलते आणि मागचा पुन्हा चिडतो.

तोंडून शब्द फुटला नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका. त्या क्षणी जे फुटलं असतं ते भांडणच असतं. तरी पुढच्या वेळेसाठी एक वाक्य तयार असावं: 'मघाशी लेफ्ट म्हणालात, कुठे जायचं मला कळलं नाही. घंटी वाजवलीत तर बरं होईल.' एवढंच. त्याचं वय, त्याची सायकल, त्याचे संस्कार यातलं काहीही मध्ये आणायचं नाही, आणि हिरवा लागण्याआधी बोलून मोकळं व्हायचं. तो काही उलटं बोलला तर बोलू द्या. पुढच्या बाईपाशी तो घंटी शोधेल. पुण्यात शेवटचा शब्द आपलाच हवा असा हट्ट सगळ्यांनाच असतो, पण ६० सेकंदांच्या सिग्नलमध्ये त्याचं समाधान होत नाही.

पाटीची कल्पना मला आवडली, हे कबूल करते. तरी लावू नका. वाचायला मागचा जवळ येईल, आणि आपल्याला तेच नको आहे. त्या जागी मागे लाल दिवा लावा, दिवसाही.

यजमानांच्या सल्ल्याचं बघू. स्कूटरवर तुम्हाला कुणी बोललं नसेल असं तुम्हाला वाटतं का? बोललं असेल, पुष्कळदा. इंजिनाचा आवाज, हेल्मेटची काच, आणि दोन सेकंदांत दोघंही पार. ऐकूच आलं नाही. सायकलवर कान उघडे असतात, चेहरा दिसतो आणि दोन माणसं बोलण्याच्या अंतरावर असतात. म्हणून टोमणा पोचतो. आणि म्हणूनच ते वयस्कर गृहस्थ थांबू शकले. स्कूटर बंद पडून तुम्ही उभ्या असता, तर तुमची अडचण काय आहे हे जाणाऱ्याला कळलंही नसतं. एक हवं आणि दुसरं नको असं इथे होत नाही.

'एकाच वाहनावरची माणसं' असं तुम्ही म्हणता, तिथे मात्र मी थांबते. एकच वाहन चालवतो म्हणून आपलेपणा असावा, ही अपेक्षा मोटारवाल्यांकडून कुणी करत नाही. सायकलवाल्यांकडून आपण करतो, कारण सायकल चालवणं हा आपल्याला थोडासा चांगुलपणा वाटतो. शिवाय पुण्यात जुन्या आठवणी सांगणारे असतातच: काय ते सायकलींचं शहर, काय ती माणसं! त्यातलं थोडं बाजूला काढून ठेवा. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ताभर सायकली असत. पिंपरीला कारखाने उभे राहिल्यावर तिकडेही तेच. त्या गर्दीत हँडलात हँडल अडकत होतं आणि 'डोळे फुटले का रे?' हेही होत होतं. तेव्हा सायकलला कर भरल्याचा बिल्ला लागायचा, अंधार पडल्यावर दिवा लागायचा, डबलसीट सापडलात तर पोलीस चाकातली हवा सोडून द्यायचा. सगळेच गुणाचे पुतळे असते तर हे कशाला लागलं असतं?

तेव्हाच्या आणि आताच्या रस्त्यात मला खरा फरक दिसतो तो वेगाचा. प्राध्यापकाची सायकल काळी, जड, बिनगिअरची आणि कामगाराचीही तशीच. दोघांच्या वेगात फार अंतर पडत नसे. आज त्याच डाव्या कडेला ताशी ८ ने जाणारा दूधवाला, १३ ने जाणाऱ्या तुम्ही, २८ ने जाणारा रोड बाइकवाला आणि पायडल न मारता सुसाट जाणारी बॅटरीची सायकल, सगळे एका पट्टीत. २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला, त्याच सुमारास ॲपवरच्या भाड्याच्या रंगीत सायकली चौकाचौकांत दिसायला लागल्या, आणि थोड्याच वर्षांत दिसेनाशाही झाल्या. सायकल ट्रॅक तुकड्यातुकड्यांनी आहेत. तुमच्या परतीच्या जंगली महाराज रस्त्यावर पदपथाला लागूनच एक आहे, पण संध्याकाळी तिथे फिरायला आलेल्या कुटुंबांमधून सायकल काढणं हे वेगळंच कसब. म्हणजे चिडण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते बऱ्याच अंशी रस्त्याचं आहे. माणूस ते समोर दिसेल त्याच्यावर काढतो.

मागे चिकटून आलेल्या तरुणाकडे येते. या प्रसंगावर तुम्ही दोनच वाक्यं लिहिलीत, पण मला सगळ्यांत महत्त्वाचा तोच वाटला.

शर्यतीत किंवा लांबच्या राइडला पुढच्या सायकलच्या आडोशाने चालण्याची रीत आहे. चांगल्या वेगात पुढचा वारा कापतो आणि मागच्याचे श्रम पाव हिश्श्याने तरी वाचतात. ती मंडळी आळीपाळीने पुढे येतात, खड्डा आला तर हाताने दाखवतात, आणि अनोळखी माणसाच्या मागे लागायचं असेल तर आधी विचारतात. पण हा फायदा वेगात आहे. तुमच्या ताशी १३ ला आडोशाचा उपयोग जवळजवळ शून्य. म्हणजे तो आडोशासाठी मागे नव्हता. मग कशासाठी? रहदारीला घाबरलेला नवखा असेल, तुमच्या दिव्याच्या आधाराने चालला असेल. नसेलही. मला सांगायचंय ते एवढंच, की त्याच्या मनात काय आहे हे ओळखत बसायची जबाबदारी तुमची नाही. न विचारता एखाद्या बाईच्या मागे संध्याकाळी चिकटून राहणं एवढं तुम्हाला थांबायला पुरेसं आहे.

थांबायचं कसं, तेही सांगते. एकदम ब्रेक मारायचा नाही. त्याचं पुढचं चाक तुमच्या मागच्या चाकाला लागलं तर बहुधा तोच पडेल, पण धक्का तुम्हालाही बसेल आणि मागून मोटारी येत असतात. डेन्मार्कमध्ये सायकल थांबवण्याआधी हात वर करून पंजा दाखवायचा नियम आहे; तो उचलण्यासारखा आहे. हात वर करा, वेग कमी करा, डावीकडे घ्या आणि एखाद्या उजेडाच्या, माणसं असलेल्या दुकानासमोर पाय टेकून उभ्या राहा. त्याच्याकडे सरळ बघा, 'जा पुढे' म्हणा. गेला तर विषय संपला. तोही थांबला तर दुकानात शिरा, घरी फोन करा, गरज वाटली तर ११२ ला करा. तो मागे असताना आपल्या गल्लीकडे वळायचं नाही. आणि हे वाचणाऱ्या पुरुष वाचकांसाठी: तुमच्या मनात काही नसेल, तर एकतर पुढे जा किंवा दहा-पंधरा मीटर मागे राहा. तुमच्या निर्मळ मनाचा लाल दिवा पाठीमागून कुणाला दिसत नाही.

उलट्या दिशेने येणाऱ्यांचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, पण फर्ग्युसन रस्ता एकेरी आहे, म्हणजे ते तुम्हाला भेटत असणारच. समोरून सायकल आली की तिला वाट द्यायला म्हणून आपण उजवीकडे, रस्त्याच्या मध्याकडे सरकतो. ते करू नका. त्याला येणारी रहदारी समोर दिसत असते. तुमच्या पाठीमागे काय येतंय ते तुम्हाला दिसत नाही. तुम्ही डावीकडेच राहा, वेग कमी करा, वाटल्यास थांबा. वळसा त्याने घालावा. त्याला भाषण देऊ नका, तुम्ही कामाला निघाला आहात.

हात केला तर कुणी बघत नाही, ही तक्रार मला अर्धीच पटली. घाटात, पहाटे, रिकाम्या रस्त्यावर दोन सायकली समोरासमोर आल्या की मान हलतेच. कर्वे रस्त्यावर सकाळी साडेनऊला माणसाची नजर खड्ड्यावर आणि दोन्ही हात ब्रेकवर असतात. तिथे हात न करणं हीच मला शिस्त वाटते. पण तुम्ही हात करता ते 'हेल्मेटवाल्यांना'. त्याच रस्त्यावर सकाळी काळ्या सायकलींवरून रात्रपाळीचे वॉचमन घरी निघालेले असतात, कुणी कॅनमध्ये दूध घेऊन जात असतं, कुणी कॅरिअरवर अवजारांची पिशवी बांधून कामावर निघालेला असतो. या शहरात वर्षाचे बाराही महिने, हौस म्हणून नव्हे, सायकल चालवणारे मुख्यतः हेच. त्यांना तुम्ही कधी हात केलात का? मला वाटतं, मनातच आलं नसेल. रोड बाइकवाला तुम्हाला जसं बघत नाही, तसंच काहीसं हे आहे.

आता लगेच उद्यापासून वॉचमनना हात करत सुटू नका, ते दचकतील. त्यांना उपयोगी पडेल असं सौजन्य निराळं आहे. दूधवाल्याचे कॅन दोन्ही बाजूंना बाहेर आलेले असतात, त्याला हातभर नव्हे, चांगली दोन हात जागा सोडून ओलांडा. रात्रभर जागलेल्या माणसाच्या मागे घंटी वाजवायची ती लांबून आणि हलकी. आणि ओझ्याच्या सायकलला ओलांडून लगेच तिच्या समोर ब्रेक लावायचा नाही, हे सगळ्यांत महत्त्वाचं. त्या सायकलींचे ब्रेक सळईचे असतात, रिम लोखंडी, आणि पावसात ओल्या रिमवर ते ब्रेक घसरतात. शिवाय गॅस सिलिंडर लादलेली सायकल एकदा थांबली की पुन्हा चालती करायला त्या माणसाच्या गुडघ्यांना काय पडतं, ते बघा एकदा. पुलाच्या चढावर तो डुलत डुलत चढत असेल, तर मागे थांबा. तुमचे वीस सेकंद जातील.

यातूनच ५० रुपयांकडे येते. तुम्ही विचारलंत काय चुकलं. मी उलट विचारते. हेल्मेटवाल्या, दोन लाखांच्या सायकलवरच्या माणसाने चेन बसवून दिली असती, तर तुम्ही पर्स उघडली असती का? नसती उघडली. 'थँक्यू' म्हणाला असतात, नाव विचारलं असतं, सायकल कुठली म्हणून चौकशी केली असती. त्या गृहस्थांना नोट दिसली, आणि ती का दिसली हेही त्यांना कळलं. ते सायकलवाले म्हणून सायकलवालीसाठी थांबले होते, तुम्ही त्यांना कामाला लावलेल्या माणसासारखे पैसे दिलेत. तुमचा हेतू वाईट नव्हता. म्हणूनच ते 'राहू द्या' म्हणून गेले, काही बोलले नाहीत.

मग द्यायचं काय? लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांमध्ये यावर एक सोपी रीत दिसते. ब्रेवे नावाचा प्रकार असतो: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत पुरे करायचे. ती शर्यत नाही, नंबर नसतो, आणि ठरलेल्या थांब्यांखेरीज सोबतच्या मोटारीची मदत घेता येत नाही. त्यामुळे रात्री दोन वाजता पंक्चर झालेल्याला अनोळखी माणूस आपली ट्यूब काढून देतो. ट्यूबचे पैसे पुढे केले तर घेतलेही जातात, कारण ती वस्तू आहे. हातांच्या मेहनतीचे कुणी देऊ करत नाही. रस्त्यावरच्या मदतीला मला हाच नियम बरा वाटतो. त्या आजोबांना पाणी द्यायचं होतं, हात पुसायला फडकं द्यायचं होतं. चेनचं काळं वंगण घेऊन ते कामावर गेले असणार. शेजारी टपरी असती तर 'चहा घेऊ या' म्हणता आलं असतं, आणि तो चहा त्यांनी नाकारला नसता. ते पुन्हा दिसतीलच, अशा माणसांच्या वेळा ठरलेल्या असतात. दिसले तर नोटेचा विषय काढू नका, माफीही मागू नका. 'चेन नीट चाललीय हो' असं सांगा.

चेन स्वतःलाही बसवता यावी. मागच्या गिअरपाशी खाली लोंबणारा जो दांडा असतो, त्याला दोन छोटी चाकं असतात. तो पुढच्या बाजूला ढकलला की चेन सैल पडते. ती पुढच्या लहान चक्रावर टेकवा, मागचं चाक जरा उचला आणि हाताने पायडल फिरवा, बसते. पिशवीत जुनं फडकं ठेवा. जमलं तर एक ट्यूब, आणि व्हॉल्व्हचा छोटा पितळी ॲडॉप्टर. रोड बाइकच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक असतो, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही, आणि ॲडॉप्टर घरी विसरलेला, भारी कपड्यांतला, रडवेला सायकलस्वार तुम्हाला एक दिवस रस्त्याच्या कडेला दिसेलच. कदाचित तो तुमचा 'लेफ्ट'वालाच असेल. ॲडॉप्टर द्या, आणि घंटीचं वाक्य तेव्हा म्हणून टाका; त्याला ऐकून घ्यावंच लागेल. ॲडॉप्टर मात्र परत घ्या.

रविवारच्या ग्रुपला जरूर जा, पण आधी दोन गोष्टी विचारा. सगळ्यांत मागे कोण राहतं, आणि मागे पडलेल्यासाठी ग्रुप थांबतो का. 'आमच्याकडे कुणी मागे पडतच नाही' असं उत्तर आलं तर समजा की पडतात, यांना दिसत नाहीत. दोघं-दोघं शेजारी गप्पा मारत जाणार असतील, तर मागून वाहन आलं की एका ओळीत कोण आणतं, हेही बघून घ्या. आठवडाभर मोटारवाल्यांच्या नावाने बोटं मोडणारी माणसं रविवारी आख्खा सिंहगड रस्ता अडवताना मी बघितली आहेत. पहिली राइड सपाटीची मागा, पाषाणपर्यंत किंवा खडकवासल्यापर्यंत. पहिल्याच रविवारी तुम्हाला सिंहगडाच्या ९-१० किलोमीटरच्या घाटावर चढवायला निघाले, तर 'या वेळी नाही जमणार' म्हणा आणि पुढच्या रविवारी पुन्हा विचारा.